पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आमच्या वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही. बदलीच्या नोकरीत ज्यांचे अर्धे आयुष्य ट्रंका उघडण्यात आणि पुन्हा मिटण्यात गेले, त्यांना तिचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. परंतु पाठीवर घेता येईल असे बिऱ्हाड मुळात बनवायचे कसे, ते कशावर ठेवायचे, आणि मुख्य म्हणजे ते उतरवायचे कसे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. तो आमच्या मनात आला तो काशीत, संकठा घाटाच्या पायऱ्यांवर.

दिवस यमद्वितीयेचा होता. म्हणजे आपल्या भाऊबीजेचा. संकठा देवीच्या मंदिराच्या परिसरात यमेश्वर व यमादित्य ही स्थाने असून या दिवशी येथील स्नानाचे माहात्म्य मानतात. सकाळची गर्दी ओसरल्यावर, दिवेलागणीच्या सुमारास, खालच्या पायरीशी लागलेल्या एका मोठ्या लाकडी नावेचे छप्पर काढण्याचे काम चालले होते. वाकविलेल्या बांबूंच्या कमानी, त्यांवर आडव्या कामट्या, त्यांवर चटया आणि सर्वांवर निळी ताडपत्री, असे ते छप्पर. नावाड्याने व त्याच्या मुलाने काठाशी बांधलेल्या दोऱ्या एकेक करून सोडल्या. मग आणखी दोघांना हाक मारली. आणि चौघांनी मिळून ते सबंध छप्पर, पेटाऱ्याचे झाकण काढावे तसे, उचलून पायरीवर ठेवले. उघडी पडलेली नाव एकाएकी दुसरीच कुणीतरी दिसू लागली.

आम्ही विचारले, "भैया, छप्पर का काढले?"

तो म्हणाला, "बाबूजी, उद्या लाकूड आणायचे आहे. लाकडाला छप्पर कशाला?"

हे लाकूड कोठे जावयाचे ते त्याने सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. संकठा घाटावरून दक्षिणेकडे पाहिले की शिंदे घाटापलीकडे मणिकर्णिकेचा धूर दिसतो.

काशीचा हा पट्टा मराठी माणसास परका वाटू नये असा आहे. शिंदे घाट, संकठा घाट, भोसले घाट, पुढे गणेश घाट, राम घाट, जटार घाट, पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. अर्ध्या तासाच्या चालीत मराठ्यांच्या इतिहासाची निम्मी पाने उलटून होतात. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी १७४० च्या सुमारास ब्रह्मा घाट व दुर्गा घाट या भागात वस्ती वसविली; नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आपला घाट व त्यावर लक्ष्मीनारायणाचे देऊळ उभारले; ग्वाल्हेरचे दिवाण बाळाजी चिमणाजी जटार यांचे नाव एका घाटास राहिले; पेशवाईतून बाजूस सारले गेलेले अमृतराव येथेच येऊन राहिले आणि १८२४ मध्ये वारले. संकठा घाटाची कथा यांत थोडी निराळी आहे. हा घाट दगडात बांधून काढला तो बेनीराम पंडित यांच्या विधवा पत्नीने, १८२५ च्या सुमारास, असे सांगतात. काशीत त्या नुसत्या 'पंडिताइन' म्हणून ओळखल्या जात. बेनीराम हे नागपूरकर भोसल्यांचे कंपनी सरकारच्या दरबारातील वकील. १७८१ च्या ऑगस्ट महिन्यात वॉरन हेस्टिंग्जने काशीनरेश चेतसिंग यास अटकेत ठेवले, शहर उठले, आणि गव्हर्नर जनरलसाहेबांस रातोरात चुनारच्या किल्ल्याकडे पळावे लागले. त्या वेळी बेनीराम व त्यांचे बंधू विश्वंभर पंडित त्यांच्यापाठोपाठ चुनारला गेले, आणि काशीतील आपल्या घरी ठेवलेली एक लाखाची रोकड त्यांनी हेस्टिंग्जपुढे केली. यात मुत्सद्देगिरी किती आणि भलेपणा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे एवढेच की बेनीराम हे परमुलखात नेमणुकीवर असलेले अधिकारी होते. ज्या नोकरीने त्यांना घरापासून दूर ठेवले, तिच्याच मिळकतीतून त्यांच्या मागे हा दगडी काठ उभा राहिला असावा.

शेजारच्या शिंदे घाटाचे नशीब मात्र उलटे. बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तो इतक्या भव्य प्रमाणावर बांधविला की गंगेच्या काठची माती तो भार सोसू शकली नाही; बांधकाम खचले, आणि विसाव्या शतकात ते पुन्हा उभारावे लागले. पाण्याशी कललेले देऊळ आजही तेथे पाहावयास मिळते. एकीकडे हे दगडाचे ओझे आणि त्याच्या पायाशी चार माणसांनी उचलावे असे बांबूचे छप्पर. ते छप्पर त्या घाटाहून फार जुन्या परंपरेतले आहे.

गंगेवरच्या नावांचे दोन मोठे वर्ग पूर्वी असत. एक बजरा, म्हणजे नवाबांची, साहेबांची व सावकारांची नाव. तिच्यावरील खोल्या कायमच्या, लाकडी, खिडक्या व पडदे असलेल्या. दुसरा वर्ग मालाच्या नावांचा. त्यांत पटेला ही नाव या मुलखात फार. तिचा तळ सपाट, पाण्यात ती थोडीच बुडे, त्यामुळे उन्हाळ्यातील उथळ पात्रातही चाले. बाजूच्या फळ्या कौलांप्रमाणे एकीवर एक चढविलेल्या. सॉल्विन्स नावाचा फ्लेमिश चित्रकार अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यास राहून लोकजीवनाची व नावांची चित्रे कोरीत असे, त्याच्या संग्रहात बजऱ्याबरोबर ही पटेलाही आहे. कापूस, धान्य, चुनारचा दगड, जे मिळेल ते तिने वाहावे. घाटांचा दगडही चुनारहून असाच प्रवाहाबरोबर उतरत आला. ज्या नावेतून पायऱ्या आल्या त्याच प्रकारच्या नावेतून त्या पायऱ्यांवर उतरणारे यात्रेकरूही आले. मध्ये फक्त छप्पर चढले किंवा उतरले.

हे छप्पर बांधण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. बांबूंचा सांगाडा, त्याची टोके नावेच्या काठाशी दोरीने जखडलेली, दोर मुंजेचा, सांगाड्यात खिळा नाही. खिळा मारला की लाकडास भोक पडते, आणि भोक पडले की पाणी येते, हे नावाड्यास शिकवावे लागत नाही. शिवाय खिळा उपटावा लागतो, दोरी नुसती सोडावी लागते. त्या सांगाड्यावर चटई आणि वर गवताचा थर. पण खरी युक्ती चटई व गवत यांच्या मधल्या वस्तूत आहे. गंगेच्या रेताड काठांवर सरपत नावाचे पुरुषभर उंचीचे गवत माजते. त्याच्या तुऱ्याखालची जी सरळ, गुळगुळीत, बिनपेरांची काडी, तीस सिरकी म्हणतात. अशा काड्या शेजारी शेजारी मांडून दोन-तीन ठिकाणी दोऱ्याने ओवल्या म्हणजे एक पातळ पडदा तयार होतो. छपराच्या उताराच्या दिशेने काड्या ठेवल्या तर पावसाचे पाणी काडीवरून घसरत खाली जाते, आत शिरत नाही; आणि काम झाले की सगळा पडदा गुंडाळून काखेत मारता येतो. नावेवर, बैलगाडीवर, पालखीवर, सर्वत्र ही सिरकी चाले. उत्तरेकडील काही भटक्या जमातींची घरेच सिरकीची असत, आणि त्यावरून त्यांना नावही पडले.

छप्पर हलके असण्याचे कारण नुसते उचलण्याचे नव्हते. नावेचा तळ सपाट. वर जड व उंच बांधकाम चढविले तर ती डुलू लागते. त्यातून नदीवरील वाऱ्याचा स्वभाव पाहा. उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे काशीहून प्रयागकडे जाणाऱ्याच्या तोंडावर; पावसाळ्यात पुरवैया, म्हणजे पाठीशी. पाठीशी वारा असताना शीड उभारावे व प्रवाहाविरुद्ध चढावे. तोंडावर वारा असताना माणसांनी काठाने दोर ओढीत नाव न्यावी. अशा वेळी प्रत्येक हातभर उंचीचे छप्पर हे उलट्या दिशेने लावलेले शीडच होय. म्हणून ते ठेंगणे, गोलसर. बसता येईल एवढे उंच, उभे राहता येणार नाही. आत चालावयाचे ते गुडघ्यांवर. १८२४ मध्ये बिशप हेबर कलकत्त्याहून नदीमार्गे काशीस आले, तेव्हा त्यांचे राहणे वेगळ्या नावेत आणि स्वयंपाक मागून येणाऱ्या दुसऱ्या नावेत होई. आपल्या यात्रेकरूंस ही चैन कोठली! त्यांचे सोवळे, ओवळे, चूल व देव त्याच चटईखाली.

एरवी कष्टाळू असलेली हीच नाव वर्षातून एकदा नटतही असे. होळीनंतरच्या मंगळवारी काशीत बुढवा मंगल नावाचा नदीवरील मेळा भरे. मोठमोठ्या नावा एकमेकींस बांधून, वर तख्तपोशी करून, तीवर गालिचे अंथरून शामियाना उभारीत, आणि रात्रभर गाणे चाले. भारतेंदु हरिश्चंद्र यांच्यासारखे रसिक त्यात रमलेले. आदल्या आठवड्यात धान्य वाहिलेली नाव आणि मैफलीचा तरंगता महाल यांत फरक केवळ वर काय चढविले एवढाच. हा मेळा विसाव्या शतकात ओसरला. अलीकडे तो पुन्हा भरविण्याचे प्रयत्न होतात, ते चांगलेच आहे, पण जुन्या वर्णनांची रंगत त्यास येणे कठीण.

आता जमिनीवर येऊ. पेशवाईत काशीयात्रेस निघणारा मराठी माणूस बहुधा पायीच निघे. सधनांसाठी घोडा, पालखी, मेणा. सामान बैलांच्या व तट्टांच्या पाठीवर. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई यांची १७३५-३६ ची यात्रा प्रसिद्ध आहे, पण ती राजमातेची यात्रा. मुक्कामोमुक्काम संस्थानिक सामोरे येत. साध्या माणसाने घोंगडी खांद्यावर टाकावी हेच खरे. दख्खनेत गाडी नव्हती असे नाही. परंतु ती अवजड, भरीव चाकांची, दगडधोंडे व पीक हलविण्याच्या उपयोगाची. घाट उतरणारा धड रस्ताच नव्हता. बोरघाटातून चाके जाऊ लागली ती १८३० मध्ये, माल्कमसाहेबांच्या कारकिर्दीत. त्याच दशकाच्या उत्तरार्धात सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णी येथे लेफ्टनंट गेझफर्ड यांच्या देखरेखीखाली हलक्या, दोन बैलांच्या गाड्या बनविण्याचा कारखाना निघाला. आज आपण जिला अनादि काळापासूनची देशी बैलगाडी समजतो, तिच्या घडणीत या कारखान्याचा वाटा मोठा आहे. हे ऐकून आमच्या एका मित्रास फार वाईट वाटले होते. असो.

या हलक्या गाडीवर टप बसविणे ही शेतकऱ्याची स्वतःची कारागिरी. गाडीच्या दोन्ही बाजूंस जे खुंट असतात त्यांना बांबूच्या कमानी बांधावयाच्या, वर तट्ट्या, तट्ट्यावर घोंगडी अथवा मेणकापड. खाली साट्यावर कडब्याचा थर, त्यावर गोधडी. कमानीस टांगलेले शिंके. कण्याखाली लोंबणारा कंदील. सुताराकडे जाण्याची गरज नाही. घरच्या घरी एका सकाळचे काम. आणि पुन्हा तीच गोष्ट: जत्रा झाली की टप उतरतो. पौषात ज्या गाडीतून मुलेबाळे जेजुरीस गेली तीच गाडी वैशाखात शेणखत वाहते. गाडी एक, बैल तेच. एका कुटुंबास वाहनाची दोन रूपे परवडत नाहीत, म्हणून एकाच वाहनाला दोन टोप्या. छपराची दमणी कायमची ठेवणारा तो पाटील किंवा सावकार. टप चढविणारा व उतरविणारा तो कुणबी. नदीवरचा बजरा व पटेला यांतील भेद येथे जसाच्या तसा सापडतो.

१८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई व कलकत्ता यांच्यामधील लोहमार्ग सलग झाला, आणि महिनेच्या महिने चालणारी काशीयात्रा दिवसांवर आली. १८८७ मध्ये राजघाटाचा पूल उघडल्यावर गाडी गंगा ओलांडून थेट शहराशी येऊ लागली. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी घरी पोहोचले होते. त्यांचे नातू-पणतू तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून गंगेचे गडू घेऊन आले. रेल्वेच्या डब्यास छप्पर होते, पण ते आपले नव्हते. रात्री अंगावर आपलेच छप्पर असणे ही गोष्ट यात्रेतून गेली, आणि तिची उणीव कोणास भासली असेल असे वाटत नाही. पावसात भिजलेल्या तट्ट्याखाली ज्याने रात्र काढली आहे तो जुन्या काळाचे कढ काढीत बसत नाही.

सरकारी कामात मात्र हे फिरते छप्पर पुढेही टिकले. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचा अधिकारी हिवाळ्यात फिरतीवर निघे तेव्हा डेऱ्यांचे दोन संच असत. एका संचात साहेब झोपले असताना दुसरा उंटावरून अगर गाड्यांवरून पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही, म्हणजे सकाळी पोहोचताच कचेरी तयार. त्याही आधी मराठ्यांच्या छावणीत सारे दप्तर रुमालांत बांधून चाले. रुमाल सुटला की कचेरी भरली, रुमाल बांधला की कचेरी उठली. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत त्या छावणीचे वर्णन केले आहे. बाजार, सावकार, हलवाई, सारे पालांखाली, आणि कूच झाले की सगळे शहरच चालू लागे. आपल्या जुन्या कागदांत 'मुक्काम' हा शब्द गावाच्या नावाआधी येतो. पत्रावर अजूनही आपण 'मु. पो.' लिहितो, तो त्या पालांचा अवशेष आहे हे आपल्या ध्यानातही नसते.

विसाव्या शतकात बैलाच्या जागी इंजिन आले, तेव्हा ही कल्पना निराळ्याच देशात नव्याने जन्मली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शेतकरी व कारागीर यांच्या दारी पिकअप ट्रक उभा असे. आठवडाभर त्याने खते, लाकूड, हत्यारे वाहावी. रविवारी मासे पकडण्यास जावयाचे तर राहणार कोठे? तेव्हा लोकांनी फळ्या व पत्रे ठोकून हौद्यात बसेल एवढी खोली घरीच बनविली. कोपऱ्यांना चार पाय. पाय लांबवून खोली उचलावी, खालून ट्रक काढून घ्यावा, आणि सोमवारी कामावर जावे. मासिकांतून त्याचे नकाशे छापून येत. पुढे कारखान्यांनीही तो धंदा उचलला. जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये आपल्या कुत्र्यास घेऊन देश पाहावयास निघाला तो अशाच, खास मागवून घेतलेल्या गाडीतून; डॉन किहोटेच्या घोड्याचे नाव त्याने तिला दिले होते. १९६२ मध्ये त्याचे ते प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. संकठा घाटावरच्या नावाड्यास हे सारे सांगितले असते तर त्यास यात नवे काही वाटले नसते. लाकडाला छप्पर कशाला, हेच तत्त्व.

आपल्याकडेही आता पिकअप व 'छोटा हाथी' गावोगाव आहेत, आणि अशी खोली स्वतः बनविण्याचा नाद काही तरुण मंडळींस लागला आहे. यात्रेला निघालेल्या अशा गाड्या आम्ही रस्त्यावर पाहिल्या आहेत. कागदावर एक हिशेब मांडून पाहिला. सात फूट लांब, साडेचार फूट रुंद व पाच फूट उंच अशी खोली बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची करावयाची, तर छप्पर व चार भिंती मिळून सुमारे साडेतेरा चौरस मीटर प्लाय लागतो. त्याचेच वजन शंभर किलो. लोखंडी कोनांचा सांगाडा, दार, कड्या व बोल्ट धरून ते पावणेदोनशेच्या घरात जाते. माल वाहणाऱ्या गाडीस हे वजन जड नाही. पण चार माणसांस ते सहज उचलत नाही. मग जॅक आले, पाय आले, आणि हळूहळू ती खोली उतरविणे हीच एक कटकट होऊन बसते. दोन महिन्यांनी ती कायमचीच गाडीवर राहते, आणि गाडी कामातून जाते. बांबू व चटई यांचा टप तेवढ्याच मापाचा केला तर फार हलका होतो. शिवाय बंद प्लायच्या खोलीत थंडीच्या रात्री श्वासाची वाफ भिंतींवर गोठून टपकू लागते. चटई वारा खेळता ठेवते. अर्थात चटईस कुलूप लावता येत नाही, हा तिचा दोष मान्य केला पाहिजे.

आमच्या अधिकारी वाचकांस आणखी एक गोष्ट सुचेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करण्यास मनाई करते, आणि मालवाहू गाडीतून माणसे वाहून नेण्यावरही निर्बंध आहेत. म्हणून अशी खोली मुक्कामी झोपण्यापुरती. गाडी चालू असताना माणसांनी पुढेच बसावे. आषाढीच्या वारीत दिंड्यांचे ट्रक असतात, त्यांवर पाइपांच्या कमानी व ताडपत्री चढवून सामान ठेवतात, रात्री काही वृद्ध वारकरी तेथेच पडतात, बाकीचे राहुटीत. वारी संपली की पाइप उतरतात आणि ट्रक पुन्हा कांदे भरावयास जातो. २०२५ च्या प्रयागच्या महाकुंभाच्या काळात काशीच्या आसपासचे रस्तेही अशाच ताडपत्रीच्या गाड्यांनी भरून गेले होते.

येथवर आम्ही या फिरत्या छपराविषयी जरा कौतुकानेच लिहिले. परंतु महाराष्ट्रात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जी लांबच लांब रांग रस्त्यास लागते, तिच्याकडे पाहिले की हे कौतुक घशात अडकते. बीड, अहिल्यानगर व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीस निघालेली कुटुंबे ती. गाडीत कोयता, धान्याची पोती, भांडी, कोंबड्या, तान्ही मुले आणि गुंडाळलेल्या चटया. कारखान्याच्या आवारात पोहोचले की त्याच चटया व बांबू यांची कोपी उभी राहते. दोन उतरत्या बाजू, मधून वाकून शिरण्यापुरते दार. रिकामी झालेली गाडी पहाटेपासून ऊस ओढू लागते. मार्च-एप्रिलात गाळप संपले की कोपी मोडते आणि चटया पुन्हा गाडीत चढतात. रचना तीच, सोय तीच, काटकसर तीच; स्टाइनबेकच्या खोलीत आणि या कोपीत कारागिरीचा भेद फारसा नाही. भेद आहे तो छप्पर कोणाच्या इच्छेने चढते व कोणाच्या इच्छेने उतरते, यात. ज्या मुलाचे अर्धे वर्ष कोपीत जाते त्याची शाळा कोणती? साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. बदलीच्या नोकरीत मुलांच्या शाळेचे हाल कसे होतात ते आपल्यापैकी प्रत्येकास ठाऊक आहे. पण आपल्या बदलीचा हुकूम वर्षातून दोनदा येत नाही, आणि नव्या गावी आपल्यासाठी कोपी नसते. बदलीची गाऱ्हाणी आम्हीही पुष्कळ केली आहेत. ती रांग पाहिल्यावर काही काळ ती करावीशी वाटली नाहीत.

पुन्हा घाटावर येतो. छप्पर पायरीवर ठेवल्यावर नावाड्याने ताडपत्री सोडली, चटया सुट्या करून झटकल्या, दोन कमानींना चीर गेली होती त्या बोटाने चाचपून पाहिल्या. आजकाल घाटावर लोखंडी छपराच्या, वर मजला असलेल्या मोठ्या नावा पुष्कळ झाल्या आहेत. डिझेलची इंजिने काढून गॅसवर चालणारी बसविण्याचे कामही २०२१ पासून येथे सुरू झाले. त्याच्या नावेसही असे इंजिन होते. मग लोखंडी छप्पर का बसविले नाही, असे आम्ही विचारले. ते बसविले की नाव फक्त पाहुण्यांची होते, तो म्हणाला. आणि श्रावण-भाद्रपदात पूर येतो, नौकानयन बंद होते, पाहुणेही येत नाहीत. उरलेल्या वर्षात जे काम मिळेल ते करावे लागते. हा कमानींचा सांगाडा त्याच्या वडिलांनी बांधला होता. बांबू बदलत गेले, मापे तीच राहिली. माप घेण्यासाठी त्याच्यापाशी गाठी मारलेली एक दोरी होती, ती त्याने आम्हांस दाखविली.

काळोख पडला होता. बरोबरची दोघे निघून गेली होती, तेव्हा त्याने आम्हांस एक टोक धरावयास सांगितले. ते अपेक्षेपेक्षा हलके होते. दहा-बारा पायऱ्या चढून, घाटाच्या भिंतीत जी मढी असते तीत आम्ही तो सांगाडा उपडा लावून ठेवला. आतील बाजूस, जेथे प्रवाशाचे डोके टेकत असेल तेथे, बांबू तेल लागून काळा व गुळगुळीत झालेला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही स्नानास उतरलो तेव्हा नाव जाग्यावर नव्हती. सूर्य वर आल्यावर ती वरच्या अंगाने येताना दिसली. काठापर्यंत लाकडे भरलेली, त्यांवर मुलगा पाय सोडून बसलेला. मणिकर्णिकेशी ती थांबली. दुपारी ती रिकामी होऊन पुन्हा संकठा घाटास लागली, आणि नावाडी तिचा तळ धुऊ लागला. संध्याकाळी सोलापूरकडील एक कुटुंब पंचगंगेपर्यंत जाऊन दिवे सोडणार होते, त्यांच्याबरोबर एक म्हातारी होती, आणि तिला दव सोसत नसे. आम्ही मढीकडे जाऊन सांगाड्याचे आपले टोक धरले.